तिसऱ्या रात्रीची हजेरी

दुसऱ्या दिवशी सकाळी मला डब ऑग्लट्रीकडे जायचं होतं. काम साधं होतं. १९७३ साली आमच्या टॅलो बेंडमध्ये सोल संगीताचा जो उत्सव झाला, त्याच्या तिसऱ्या रात्रीच्या मूळ टेपा डबकडे आहेत असं सगळं गाव सांगत होतं. मला त्या मागायच्या होत्या.

कापसाच्या जिनिंगच्या मागच्या मैदानात त्या तीन रात्री जे गायलं गेलं ते आमच्या काळ्या लोकांनी गायलं आणि आमच्याच लोकांनी ऐकलं. टेपा मात्र पन्नास वर्षं परक्यांच्या गॅरेजांत सडत राहिल्या. त्या परत आणायच्या, शाळेच्या वाचनालयात ठेवायच्या, मिसिसिपीच्या या कोपऱ्यातल्या पोरांना त्यांच्याच आज्यांचे आवाज ऐकवायचे, एवढ्यासाठी मी बोस्टनहून परत आले होते. पहिल्या दोन रात्री मिळाल्या होत्या. तिसरी राहिली होती.

जुलैतला शनिवार होता. अंकल होझेयांच्या व्हरांड्यात तळलेले मासे खाऊन आम्ही बसलो होतो. माझा चुलतभाऊ कोरी माझी टर उडवत होता. म्हणे, एवढं शिकून आली आणि लोकांची गॅरेजं झाडत फिरते.

अंकल होझेया चर्चमध्ये डीकन, पाद्र्यांचा उजवा हात. चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस. एरवी त्यांनी कोरीला साथ दिली असती. त्या रात्री दिली नाही.

"डब देणार नाही," ते म्हणाले.

का, म्हणून मी विचारलं. त्यांनी आधी आत पाहिलं. व्हेल्मा आंटीचा स्वयंपाकघरातला दिवा मालवला होता. मग खुर्ची थोडी पुढे ओढून म्हणाले, "पोरी, मागायला जायच्या आधी ऐकून घे. हे चारचौघांत ऐकलेलं नाही. डबनं स्वतः सांगितलंय, माझ्या गाडीत बसून. हातातली कॉफी पार गार झाली त्याची."

आणि ते सांगायला लागले.

*

ओझेला फेअर, ती गाणारी, तुम्ही ऐकली नाही. ऐकली असती तर हल्लीचं काही ऐकलं नसतं. आपल्याच गावची. उत्सवाची शेवटची रात्र नेहमी तिची. आणि शेवटच्या गाण्यात ती हजेरी घ्यायची.

म्हणजे कसं, वाद्यं हळू व्हायची, आणि ती एकेकाचं नाव घ्यायची. ज्यांनी उत्सवासाठी घाम गाळला त्यांची नावं. मासे तळणारी बाई, तारा ओढणारा, गाड्या लावून घेणारा. नाव आलं की त्या माणसानं गर्दीतून ओरडायचं, हजर. मग लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. मधेच ती गेलेल्यांची नावं घ्यायची. तिची आई, जुने पाद्री, लढाईत मेलेली पोरं. त्यांच्या नावाला माणसानं ओ द्यायची नाही. त्यांच्यासाठी ड्रम वाजायचा. एकच ठोका. जित्याला आवाज, मेलेल्याला ठोका. आणि एक नेम सगळे पाळायचे... दुसऱ्याच्या नावाला आपण ओ द्यायची नाही. आई लेकाच्या नावालासुद्धा देत नसे.

आता डबचं ऐका. डब हे आपलं घरातलं नाव. खरं नाव वेंडेल ऑग्लट्री, बापाचंच. बापानं तो मंच बांधला होता, एकेक फळी स्वतःच्या हातानं ठोकली होती, त्यामुळे त्याचं नाव हजेरीत असणारच होतं. डब तेव्हा पाळण्यातला. तिसऱ्या रात्री मैदानातच त्याला ताप चढला. अंग तव्यासारखं. मिस लर्लीन, त्याची आई, तेव्हा जेमतेम बाविशीची. वेंडेल तिला म्हणाला, तू पोराला घेऊन घरी जा. मी हजेरीला ओ देतो, आणि बर्फ घेऊन आलोच.

ती घरी गेली. पोराला मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसली. दिवा लावून.

तो आला नाही.

सकाळी नाही, रविवारी नाही. बर्फाचा कारखाना रुळांच्या पलीकडे, गोऱ्यांच्या बाजूला, जिथं रात्री आपल्या माणसाची धडगत नसे. तिथला माणूस म्हणाला, कुणी आलंच नाही. शेरीफनं एक दिवससुद्धा शोधलं नाही. बायको सोडून गेला म्हणाला आणि मोकळा झाला. आणि आपल्या गावाला तर तेवढंच हवं होतं. कुणीतरी सांगितलं, ओझेलाच्या मागे गाणारी ती डेट्रॉइटची पोरगी होती ना, तिच्या गाडीत बसताना पाहिला. हजेरीच्या आधीच पाहिला. दुसरे म्हणायचे, खोटं, हजेरीला तो ओरडला, आम्ही ऐकलं. मी स्वतः होतो मैदानात. गर्दी इतकी की मला माझंच नाव ऐकू आलं नसतं.

मिस लर्लीननं ना दुसरं लग्न केलं, ना तो दिवा मालवला. पन्नास वर्षं. बल्ब गेला की दुसरा. बायका चर्चमध्ये तिच्या मागे कुजबुजायच्या, अजून वाट बघते बिचारी, तो तिकडे नातवंडं खेळवत असेल. तिला ऐकू जायचं. ती एकच म्हणायची, ताप आलेलं पोर टाकून तो जाणार नाही.

पण मनात किडा होताच. असणारच. एकच गोष्ट कळायला हवी होती तिला. हजेरीत त्यानं ओ दिली का? दिली असेल, तर तो तेव्हा तिथं होता. डेट्रॉइटची गाडी खोटी. नसेल दिली... तर मग गाव खरं बोलत होतं.

*

अंकल थांबले. ग्लासातला चहा संपला होता, तरी त्यांनी तो ओठाला लावला. कोरी म्हणाला, "मग टेप लावायची आणि ऐकायचं. त्यात काय."

"पन्नास वर्षं टेप होती कुठं?" अंकल म्हणाले. "ऐक."

*

गेल्या वर्षी मेम्फिसला एक म्हातारा वारला. त्या रात्रींचं ध्वनिमुद्रण त्यानं केलं होतं, ट्रकमध्ये बसून. त्याच्या बायकोनं गॅरेज मोकळं करायला काढलं आणि डबला फोन केला. डब चर्चचे ऑर्गन, माइक, कर्णे दुरुस्त करतो, मेम्फिसपर्यंत नाव आहे त्याचं. तो गेला, आणि तिसऱ्या रात्रीचं शेवटचं रीळ घेऊन आला.

जुन्या टेपला ओल धरते. तशीच लावली तर वरचा थर यंत्राला चिकटतो आणि आवाज गेला तो गेला. म्हणून ती आधी मंद आचेवर भाजतात. हसू नकोस कोरी, खरंच भाजतात. डबनं ती ठेवली आईच्या पीच वाळवायच्या यंत्रात. मिस लर्लीन आता अंथरुणाला टेकलेली. तिनं आतून विचारलं, आज काय वाळवतोयस रे? डब म्हणाला, ओझेला. म्हातारी खूप हसली. मग म्हणाली, लावशील तेव्हा मला बोलाव. माझ्याशिवाय ऐकू नकोस.

ऑक्टोबरमधला दुसरा शुक्रवार. शाळेचा फुटबॉलचा सामना होता, आपण हरलो होतो, त्यामुळे गाव लवकर झोपलं. सव्वाअकरा वाजले असतील. आईचा डोळा लागलाय असं पाहून डबनं टेप लावली.

एकट्यानं.

मन वाईट नव्हतं त्याचं. आधी आपण ऐकू, काय आहे ते कळू दे, मग तिला उठवू, असा विचार. त्यानं टेप कॉम्प्युटरला जोडली, म्हणजे वाजेल तशी उतरेल. आवाज बारीक ठेवला.

आणि मैदान खोलीत आलं. डब म्हणाला मला, अंकल, मला मासे तळल्याचा वास आला. लोकांची गजबज, कुणाचं तरी खोकणं, एक कुत्रं. मग ओझेला. मग वाद्यं हळू झाली.

तिनं पहिलं नाव घेतलं. हजर. दुसरं. हजर, आणि हशा. मग तिच्या आईचं नाव... ठोका. तो ठोका डबच्या छातीत बसला.

मग ती म्हणाली, "वेंडेल ऑग्लट्री."

काही नाही.

लोकांची चुळबुळ. ते कुत्रं.

"वेंडेल ऑग्लट्री," परत एकदा. ती थांबली. टेपची नुसती खरखर. आवाज नाही, ठोका नाही. मग ती पुढच्या नावाला गेली.

डबनं यंत्र बंद केलं. भिंतीपलीकडे आई झोपलेली, खिडकीबाहेर तो दिवा. उद्या ती विचारणार. काय सांगायचं? पन्नास वर्षं तू उगाच दिवा लावलास, असं?

आणि मग त्यानं ते केलं.

कॉम्प्युटरवर ती मोकळी जागा दिसत होती. सपाट रेघ. त्याचा धंदाच हा. बापलेकांचा आवाज सारखा असतो, आणि म्हातारीला कमी ऐकू येतं. त्यानं माइक जोडला. दोन पावलं मागे सरकला, म्हणजे गर्दीतून आल्यासारखं वाटेल. गाणं लावलं. ओझेलानं नाव घेतलं.

डब म्हणाला, "हजर."

नेम त्याला माहीत होता. लहानपणापासून माहीत होता. म्हणाला, अंकल, शब्द तोंडातून गेला आणि खोली गार पडली. मला वाटलं खिडकी उघडी राहिली.

कसं जमलंय ते पाहायला त्यानं उतरवलेलं परत लावलं.

"वेंडेल ऑग्लट्री."

"हजर." छान बसलं होतं. लांबून, गर्दीमागून.

आणि ओझेला हसली. म्हणाली, "ऐकू नाही आलं मला. जवळ ये."

*

"गाणारे म्हणतातच तसं," कोरी म्हणाला. पण हळू.

"म्हणतात," अंकल म्हणाले. "टेपवर नव्हतं."

रस्त्यावरून एक गाडी गेली. तिचा आवाज पार संपेपर्यंत ते थांबले.

*

डबला वाटलं, आपणच मघाशी नीट ऐकलं नाही. त्यानं परत लावलं.

नाव. हजर. हसणं. ऐकू नाही आलं, जवळ ये.

आणि मग... "हजर."

दुसऱ्यांदा. जवळून. हे त्यानं म्हटलेलं नव्हतं. आवाज त्याचाच. पण धाप लागलेला. लांबून चालत आल्यासारखा.

त्यानं कॉम्प्युटर बंद केला. वायर काढली. यंत्राची पण काढली. रिळं थांबलेली. दिवा एकच, टेबलावरचा.

कर्ण्यातून गर्दीची गजबज येतच राहिली.

टाळ्या सुरू झाल्या. हळू. ठेक्यात. मग त्याच्या लक्षात आलं, टाळ्या कर्ण्यातून नाहीत. अंगणातून आहेत. घराभोवती.

मग थांबल्या. सगळ्या एकदम.

व्हरांड्याची पायरी वाजली. ती तिसरी पायरी, सैल आहे ती, आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

दाराबाहेरून आवाज आला.

"हजर."

डब हलला नाही. दाराच्या काचेला पडदा. पडद्यावर बाहेरच्या दिव्याचा उजेड. आणि उजेडात... तो म्हणाला, उंच होतं काहीतरी. एका खांद्याला वाकलेलं. ओझं असल्यासारखं. चेहरा नाही दिसला.

आतल्या खोलीतून आई म्हणाली, "डब. कोण आहे?"

"कुणी नाही, ममा."

"पायरी वाजली."

"वारा आहे. झोप तू."

बाहेर शांत. मग दाराशी, अगदी दाराशी, हळूच...

"लर्लीन."

आपल्याकडे पोरांना बोलायला यायच्या आधी शिकवतात. रात्री नावानं हाक आली आणि चेहरा दिसला नाही तर ओ द्यायची नाही. ओ दिली की ते तुझं नाव घेऊन जातं. डब धावला आईच्या खोलीत. ती उठून बसली होती. महिनोन्‌महिने हात धरल्याशिवाय न उठलेली बाई. डोळे दाराकडे.

"लर्लीन."

डबनं तिच्यापुढे गुडघे टेकले. सगळं सांगितलं. टेपवर काही नव्हतं ममा. त्यानं ओ दिली नव्हती. मी दिली. माझी चूक आहे. त्याच्या नावाला मी ओ दिली म्हणून हे आलंय. तो नाही हा. बोलू नकोस. पाया पडतो, बोलू नकोस.

ती ऐकत होती. सगळं ऐकलं तिनं. मग विचारलं, "त्यानं ओ दिली नव्हती?"

"नाही."

"दोनदा नाव घेतलं तरी नाही?"

"नाही, ममा."

तिसरी हाक आली. लर्लीन... थकलेली. विनवणीची. डबनं तिच्या तोंडावर हात ठेवायला हात उचलला. तिनं तो धरला. आणि लेकाच्या डोळ्यांत बघत, मोठ्यानं, मैदानाच्या मागच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली...

"मी घरीच आहे, वेंडेल. पोराला घेऊन."

काही झालं नाही.

मग बाहेरच्या खोलीत, वायर काढलेल्या कर्ण्यातून, ड्रमचा ठोका पडला.

एक.

आणि व्हरांड्यातला दिवा गेला.

*

अंकल होझेयांनी चष्मा काढून पुसला. पुसत राहिले. मला वाटलं संपलं. कोरीला पण वाटलं असावं, कारण त्यानं विचारलं की म्हातारी तिथंच गेली का.

"गेली कुठं? रविवारी दुसऱ्या बाकावर असते ती. गेल्याच आठवड्यात माझ्या टायला नावं ठेवली तिनं."

"मग दाराशी काय होतं?"

*

तिनंच दार उघडायला लावलं. डबच्या खांद्यावर हात ठेवून दारापर्यंत चालत आली. बाहेर कुणी नव्हतं. अंगणात गवतसुद्धा दबलं नव्हतं. पण उंबऱ्याशी एक गोणपाट होतं. जुनं. त्याच्या आत बर्फाची लादी.

अखंड लादी. तशी आता कुठं मिळत नाही. वरती लाकडाचा भुसा चिकटलेला, आणि दोन बाजूंना आकड्यानं उचलल्याची भोकं. तो कारखाना बंद होऊन तीस वर्षं झाली. तिथं आता पेट्रोलपंप आहे.

मिस लर्लीन बराच वेळ बघत उभी राहिली. डबला वाटलं, आता कोसळेल. पण ती म्हणाली, "हजेरीला थांबलाच नाही बघ तो. आधी बर्फाला गेला."

मग खाली वाकली. कुणी धरलं नव्हतं तिला. लादीवर हात ठेवला, ओला होईपर्यंत ठेवला. आणि तो हात डबच्या कपाळाला लावला. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या.

"उतरलाय," म्हणाली.

*

अंकलनी चष्मा घातला. बर्फ सकाळी सिंकमध्ये विरघळला, म्हणाले, आणि गोणपाट डबनं व्हरांड्याच्या कठड्यावर वाळत टाकलं. टेप डब्यात घालून वर सुतळी बांधली. ती उघडायची नाही, असं मायलेकांचं ठरलंय. दिवा त्या रात्रीपासून लावत नाहीत.

"तू जा उद्या," ते मला म्हणाले. "मागून बघ. तुझा हेतू चांगला आहे. फक्त मी आधी सांगितलं नाही, असं नको."

घरी जाताना मी वाट बदलू शकले असते. बदलली नाही. मला वाटत होतं, आमच्या लोकांच्या आवाजांना घाबरायचं असेल तर मी परत आलेच कशाला?

ऑग्लट्रींच्या रस्त्यावर सगळ्या व्हरांड्यांत दिवे होते. एकच काळोखात होता. मी फाटकाशी उभी राहिले. आत सगळं झोपलेलं. तीन आठवडे गावात पावसाचा थेंब नव्हता, गवत पिवळं पडून पायाखाली मोडत होतं.

कठड्यावर काहीतरी लोंबत होतं. गेल्या ऑक्टोबरपासून तिथंच असावं. मी डबचं नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

कठड्याखालच्या फळीवर थेंब पडत होते. एक. मग बऱ्याच वेळानं दुसरा.